ताटं उचलली की चप्पल घालायची

माझी शुगर निघाली ती दाढेमुळे. १२ फेब्रुवारी २०२४, सोमवार. खालची दाढ ठणकत होती, म्हणून पतसंस्थेतून अर्धा दिवस सुटी काढून दाढ काढायला गेले. खुर्चीत बसल्यावर डॉक्टरांनी आधी बोटाला सुई टोचली. मशीनवर २४३ आले. ‘ताई, आधी हे बघून घ्या, दाढ नंतर काढू,’ एवढंच ते म्हणाले. दाढेचं दुखणं मी तिथेच विसरले.

दोन दिवसांनी लॅबमध्ये रक्त दिलं. उपाशीपोटी १४८, जेवणानंतर दोन तासांनी २३१, आणि तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए१सी, ८.१. साडेसहा किंवा त्याच्या वर गेलं की मधुमेह धरतात. तिन्ही तपासण्यांचे मिळून ६५० रुपये झाले, डॉक्टरांची फी ३००. गोळी सुरू झाली, मेटफॉर्मिन ५००, सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर. ‘चालणं ठेवा, गोड बंद करा, वजन उतरवा,’ असं डॉक्टरांनी सांगितलं. बाहेर पंधरा पेशंट ताटकळत होते, त्यामुळे कसं करायचं ते विचारायचं राहून गेलं.

मी घाबरले होते, आणि त्याला कारण होतं. माझ्या वडिलांना वीस वर्षं मधुमेह होता. ते रानात कायम अनवाणी असायचे. २०११ साली पायात बाभळीचा काटा गेला तो त्यांना कळलाच नाही, कारण पायांची जाणीवच कमी झाली होती. जखम चिघळली आणि उजव्या पायाचा अंगठा काढावा लागला. त्या दवाखान्यात मी अठरा दिवस त्यांच्या उशाशी होते. रिपोर्ट हातात आल्यावर मला आकडे दिसलेच नाहीत, त्यांचा तो बँडेज बांधलेला पाय दिसला.

भीतीपोटी माणूस जे करतो ते सगळं मी केलं. २,८०० रुपयांचे बूट आणले. १ मार्चपासून पहाटे पाचला उठायचं, तासभर चालायचं, सकाळी कारल्याचा रस, भात बंद, साखर बंद, रात्री फक्त सूप, असं सगळं एकाच दिवशी सुरू केलं. पहिले चार दिवस अंगात वारं भरल्यासारखे गेले. पाचव्या दिवशी डबे करायला उशीर झाला. सातव्या दिवशी पतसंस्थेत रोकड जुळेना, साडेआठला घरी आले. ८ मार्चला महाशिवरात्र होती. उपासाला साबुदाण्याची खिचडी केली आणि ‘आज राहू दे’ म्हटलं. त्यानंतर पहाटेचा गजर मी रोज बंद करायची आणि दिवसभर मन मला खात राहायचं. मार्च संपेपर्यंत बुटांवर धूळ बसली.

हे एवढं सविस्तर लिहितेय, कारण बहुतेक जण इथेच अडकतात आणि ‘माझ्यात जिद्दच नाही’ असं ठरवून टाकतात. मीही ठरवलं होतं.

पतसंस्थेतल्या शिपाई मावशींनी सांगितलं, की सरकारी दवाखान्यात बीपी-शुगरची वेगळी खोली असते, महिन्याच्या गोळ्या तिथेच मिळतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचारांचे पैसे लागत नाहीत, हे मला माहीतच नव्हतं. धुळवड झाल्यावर २७ मार्चला गेले. ओळीत लागले पावणेनऊला, केसपेपर हातात आला साडेनऊला. आधार कार्ड न्या, जुने सगळे रिपोर्ट न्या, आणि चालू गोळीचं रिकामं पाकीट न्या. नाव सांगताना गोंधळ होतो, पाकीट दाखवलं की होत नाही.

आभा नंबर, म्हणजे आरोग्याच्या नोंदींसाठीचा सरकारी ओळख क्रमांक, काढायला सांगितलं. तो १४ आकडी असतो आणि मोबाईलवर ओटीपी येतो. माझ्या आधारला सात वर्षांपूर्वीचा बंद पडलेला नंबर जोडलेला होता, त्यामुळे ओटीपी येणार कुठून? आभा नसलं म्हणून उपचार अडत नाहीत, त्यांनी नोंद वहीत केली. नंतर एप्रिलमध्ये आधार केंद्रात जाऊन नंबर बदलून घेतला, तेव्हा ५० रुपये लागले. हे काम आधीच करून ठेवलंत तर एक चक्कर वाचेल.

मग एक फॉर्म भरून घेतला. वय, कमरेचा घेर, तंबाखू-मिश्री आहे का, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का. त्यात एक प्रश्न होता, की आठवड्यात किमान १५० मिनिटं शारीरिक हालचाल होते का. नर्सताई टेप माझ्या कमरेला लावून विचारत होत्या आणि मी ‘नाही’ म्हटलं. ते ‘नाही’ पेनाने कागदावर उमटताना बघून मला रडू आलं. त्यांनी काही न बोलता खुर्ची पुढे सरकवली.

समुपदेशक मॅडमकडे नंबर लागला साडेअकराला. त्या पंचविशीतल्या होत्या. मी माझ्या पहाटेच्या बेताचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘ताई, रात्रीचं जेवण झालं की तुम्ही उठून पहिलं काय करता?’

‘ताटं उचलते, मोरीत टाकते.’

‘रोज?’

‘रोजच. ताप असला तरी.’

‘मग ताटं टाकली की हात पुसायचे आणि चप्पल घालायची.’

‘आणि किती चालायचं?’

‘चालायचं मी म्हटलंच नाही. चप्पल घालायची. दारात उभं राहून परत काढलीत तरी चालेल. महिनाभर एवढंच.’

मला ते पोरखेळासारखं वाटलं. वडिलांचा अंगठा गेलाय आणि ही मुलगी मला चप्पल घालायला सांगतेय. पण त्यांनी पुढे एक सांगितलं ते पटलं. आपण जे आधीपासून न चुकता करतो ती खुंटी, नवीन गोष्ट त्या खुंटीला टांगायची. गजर ही खुंटी होत नाही, कारण तो बंद करता येतो. ताटं मात्र उचलावीच लागतात. आणि टांगायची गोष्ट इतकी हलकी हवी, की सगळ्यात वाईट दिवशीसुद्धा ती उचलता येईल.

तीस दिवसांच्या गोळ्या, पुढच्या तारखेचं कार्ड आणि शून्य खर्च. सव्वाबाराला पतसंस्थेत हजर झाले.

२८ मार्चला रात्री ताटं मोरीत टाकली, पदराला हात पुसले आणि चप्पल घातली. ह्यांनी टीव्हीवरून नजर काढून विचारलं, ‘दूध आणायचं राहिलं का?’ मी म्हटलं, ‘नाही, अशीच.’ दारात उभी राहिले. आमचं घर वाईला, गंगापुरीत, जुनं, दारासमोर फरशीची गल्ली. उभं तरी किती राहणार? कोपऱ्यावरच्या विजेच्या डीपीपर्यंत गेले आणि परत आले. तीन मिनिटं लागली. आल्यावर स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या चौकोनात पेन्सिलीने एक टिंब दिलं.

चौथ्या-पाचव्या रात्री सासूबाईंनी विचारलं, ‘शतपावली घालतेस होय?’ आणि मला एकदम जाणवलं, की मॅडमनी मला नवीन काहीच दिलं नव्हतं. जेवण झाल्यावर शंभर पावलं, म्हणजे जेवणाच्या खुंटीला टांगलेली एवढीशी गोष्ट. आमच्या सासूबाईंच्या माहेरी त्यांचे आजोबा ती घातल्याशिवाय अंथरुणाला पाठ टेकत नसत. टीव्ही आला आणि आमच्या घरातून ती गेली, कधी गेली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. त्यामागे शरीराचंही गणित आहे. जेवणानंतर तास-दीड तासात रक्तातली साखर चढते, आणि चालणाऱ्या पायांचे स्नायू तीच साखर खर्ची घालतात. म्हणून जेवणानंतरची थोडीशी चालसुद्धा कामाला येते.

ते मी स्वतःवर बघितलं. एप्रिलमध्ये १,१५० रुपयांचं ग्लुकोमीटर घेतलं, सोबत २५ पट्ट्या होत्या. पट्ट्या महाग पडतात, म्हणून रोज तपासत बसू नका. एका रविवारी दोन भाकरी, मटकीची उसळ आणि वाटीभर भात जेवले आणि बसून राहिले. दोन तासांनी २१२. पुढच्या रविवारी तेच जेवण, तेवढंच, आणि लगेच बारा मिनिटं चालले. दोन तासांनी १७१. एका बाईच्या एका बोटावरचा हा हिशेब, शास्त्र म्हणून सांगत नाही. पण तो आकडा बघितल्यावर डीपीपर्यंत जाणं मला कधी कमी महत्त्वाचं वाटलं नाही.

अवघड गेलं ते थांबणं. दहाव्या दिवशीच मला वाटायला लागलं, आता पाऊण तास चालूया. मॅडमचं ऐकून तीन आठवडे मी डीपीच्या पुढे ठरवून काही वाढवलं नाही. चांदणं असलं, शेजारीण भेटली, तर आपोआप पुढे जाणं व्हायचं, पण कबूल केलं होतं ते फक्त चपलेचं. मे महिन्यात उकाड्याने घरात बसवेना तेव्हा पाय आपसूक गणपती घाटाकडे वळले. घाटावर रात्री कृष्णेवरून गार वारा येतो, ढोल्या गणपतीच्या देवळाचे दिवे पाण्यात दिसतात. जाऊन-येऊन चौदा मिनिटं. ही वाट मी ठरवलेली नाही.

दरम्यान बाकीच्या गोष्टीही याच पद्धतीने लावल्या. रात्रीची गोळी विसरायची, म्हणून पाकीट चमच्यांच्या स्टँडमध्ये ठेवलं. भाजी वाढायला चमचा काढला की ते हाताला लागतं. साखरेचा डबा ओट्यावरून मांडणीच्या वरच्या फळीवर गेला. चहा दोन चमच्यांवरून दीडवर, मग तीन आठवड्यांनी एकवर, मग अर्ध्यावर. जीभ बदलायला वेळ घेते, पण बदलते. आता पूर्वीसारखा चहा मला पिववत नाही. पतसंस्थेत टपरीवरून येणारा चहा आधीच गोड असतो, तो मात्र एकदम सोडावा लागला.

जून सुरू झाला तरी एक खंत होती. चप्पल अजून आठवून घालावी लागत होती. ‘एकवीस दिवसांत सवय लागते’ असं सगळीकडे वाचलेलं, आणि माझे सत्तर दिवस होत आले होते. बारावीतल्या लेकीने फोनवर शोधून वाचून दाखवलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांचा १२ आठवडे अभ्यास केला होता, तो २०१० साली छापून आला. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस, आणि माणसामाणसांत फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. पाण्याचा पेला पिण्यासारखी गोष्ट लवकर बसते, व्यायाम उशिरा. मधला एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडत नाही, असंही त्यात दिसलं होतं. लेक म्हणाली, ‘आई, तू उशीर केलेलाच नाहीस.’ त्या रात्री मी किती निवांत झोपले ते सांगता येणार नाही.

२५ जूनच्या सुमारास माहेरी कराडला गेले होते. जेवण झालं, वहिनीबरोबर ताटं उचलली, बोलत बोलत हात पुसले, आणि बोलता बोलताच दारात जाऊन पायाने चप्पल चाचपडायला लागले. अंधारात चप्पल सापडेना तेव्हा कळलं, मी काय करतेय ते. कुणी आठवण केली नव्हती, मीही केली नव्हती. माझ्या टिंबांच्या हिशेबाने तो नव्वदावा दिवस. वहिनी विचारत होती, ‘काय शोधताय ताई?’ आणि मला उत्तर देता येईना.

२८ जूनला तीन महिन्यांची तपासणी झाली. रक्ताचा नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत जातो, रिपोर्ट दोन दिवसांनी मिळतो. एचबीए१सी ७.४. वजन ७१ वरून ६९.

मग पावसाळा. १७ जुलैला आषाढी होती, खिचडी खाल्ली. दोन तासांनी मशीनवर २४६. उपासाला साबुदाणा घेणाऱ्या माझ्यासारख्यांनी एकदा तरी ते बघावं. तेव्हापासून मी उपासाला शेंगदाण्याची आमटी, दही-काकडी आणि थोडीशी भगर घेते, कारण साखर भगरीनेही चढते. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पावसाने उसंत दिली नाही. नदी चढली, घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली गेल्या, गल्लीत शेवाळ. त्यातच सासूबाईंना ताप आला. २५ जुलै ते ४ ऑगस्ट, अकरा चौकोन कोरे.

अकराव्या दिवशी जुना आवाज परत आला, झालं तुझं, मार्चसारखंच. नशिबाने त्याच आठवड्यात दवाखान्याची तारीख होती. मॅडमनी कोरे चौकोन बघितले आणि म्हणाल्या, ‘खाडा पडतो ताई. आता चौदा मिनिटांवर परत जायचं नाही. परत चपलेवर या.’ हे मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. खाड्यानंतर आपण आधी सोडलं तिथूनच उचलायला जातो, तेवढं ओझं त्या दिवशी पेलत नाही आणि दुसरा खाडा पडतो. ५ ऑगस्टला मी चप्पल घातली आणि सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या ओसरीत, उभी राहिले. पाऊस होता. सोप्याच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत २२ पावलं भरतात. पाच फेऱ्या मारल्या, शंभराच्या वर झाली. टिंब दिलं. पावसाळ्यासाठी घरातली वाट आधीच मोजून ठेवायला हवी होती, ती तेव्हापासून ठेवली आहे.

पुढचं फारसं सांगण्यासारखं नाही, ते होत गेलं एवढंच. ४ ऑक्टोबरला ७.०, १० जानेवारी २०२५ ला ६.७. त्या वर्षी कृष्णाबाईच्या, म्हणजे कृष्णा नदीच्या, उत्सवात एकेका घाटाचा प्रसाद असतो, तो खाल्ला, नाही म्हणवत नाही, आणि घरी येताना लांबच्या वाटेने आले. ११ एप्रिल २०२५ ला ६.५, वजन साडेसहासष्ट. गोळी तेवढीच चालू आहे, आणि आकडे उतरण्यात तिचा मोठा वाटा आहे. चालायला लागलात म्हणून आपल्या मनाने गोळी बंद करू नका. इन्सुलिन किंवा साखर झटकन उतरवणारी गोळी चालू असेल तर चालणं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. वर्षातून एकदा डोळ्याच्या पडद्याची तपासणी मागून घ्या. मी ती उशिरा, नोव्हेंबरमध्ये केली, आणि रिपोर्ट चांगला येईपर्यंतचा तास फार जड गेला.

वर्षभराचा खर्च म्हणाल तर ग्लुकोमीटर आणि नंतरच्या पट्ट्या मिळून दोन हजारांच्या आत. बूट मी लेकीला दिले.

चपलेला अलीकडे आणखी एक गोष्ट टांगली आहे. फिरून आले की उंबऱ्याच्या पायरीवर बसते, चप्पल काढते आणि मोबाईलचा उजेड पाडून तळवे बघते. टाच, बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा. चीर आहे का, फोड आहे का, लालसर झालंय का. दोन्ही पायांना मिळून मिनिटही लागत नाही. वडिलांचे तळवे असे कुणी रोज बघितले असते तर तो काटा पहिल्याच रात्री दिसला असता.

गेल्या आठवड्यात मी अशी बसले होते. सासूबाई शेजारी येऊन टेकल्या, लुगडं जरा वर घेतलं आणि पाय माझ्यापुढे केला. ‘माझेही बघ की गं,’ म्हणाल्या. मी त्यांची टाच हातात घेतली आणि उजेड धरला.